पैनगंगेकाठचे घर : भिंत, पेव आणि जागल्या

(१) उमरखेडच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. आज ती विदर्भ आणि मराठवाडा यांची सीमा आहे. १८५३ नंतर ती इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांची सीमा होती. पोलीस ठाणे नाही, तिजोरी नाही, बँक नाही, अशा काळात या भागातील कुटुंब रात्री कोणाच्या भरवशावर झोपत असे? #थ्रेड

(२) १८०३ मध्ये अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले. सत्ता बदलली, पण रयतेचे संरक्षण करील अशी व्यवस्था उभी राहिली नाही. पुढील काही वर्षे पेंढाऱ्यांची होती.

(३) पेंढाऱ्यांचे बळ वेगात होते. हलक्या सामानाचे घोडेस्वार एका दिवसात लांबचा पल्ला गाठत, गाव लुटत आणि निघून जात. त्यांच्याजवळ तोफा नसत आणि वेढा घालून बसायला वेळही नसे. म्हणूनच मातीची गढी पुरेशी ठरे. तिला सैन्य हरवायचे नव्हते; काही तास टिकायचे होते. धोक्याची वर्दी मिळताच बायका, मुले आणि गुरे आत घेतली जात.

(४) गढीचेच तत्त्व घरातही दिसते. जाड मातीच्या भिंती, रस्त्याच्या बाजूस खिडकी नाही, उजेडाला उंचावर झरोका. दार इतके ठेंगणे की येणाऱ्याला वाकूनच आत शिरावे लागे. दारामागे भिंतीतून ओढून घ्यायचा लाकडी अडसर. वर मातीचे धाबे. छपराच्या घरासारखे ते पेट घेत नसे.

(५) धान्य पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात ठेवत. तोंड बुजवून वर माती सारवली की परक्याला पत्ता लागत नसे. पेवाचा स्वतःचाही धोका होता. बंद पेवात विषारी हवा साठते आणि उतरणारा गुदमरतो. म्हणून आधी दिवा खाली सोडत. तो विझला तर कोणी उतरत नसे.

(६) मात्र लपवलेल्या धनाने नवे संकट आणले. जागा कुटुंबालाच ठाऊक, म्हणून पेंढारी कुटुंबालाच धरत. गरम राखेने भरलेली तोबऱ्याची पिशवी तोंडाला बांधून धन कोठे पुरले ते वदवून घेत. माल जितका चांगला लपवावा, तितका माणसाचा जीव धोक्यात पडे.

(७) म्हणून खरी मदार जागणाऱ्या माणसावर होती. वेसकर रात्री वेस बंद करी. जागल्या गस्त घाली. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखातील गावरक्षकाची कामे नोंदवली आहेत: कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवणे, प्रत्येकाची वागणूक ओळखून असणे आणि चोरी झाल्यास चोराचा माग काढणे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की पुढचा शोध त्या गावाने लावायचा.

(८) ही कामे बहुतेक गावांत महार वतनदारांकडे होती, आणि त्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती. ज्याने वेस लावायची, त्याचेच कुटुंब वेशीबाहेर झोपत असे. हल्ला आला की पहिला घाव त्याच्या घरावर पडे. मोबदला बलुत्याचा आणि वतनाच्या तुटपुंज्या जमिनीचा. काम मात्र दिवसरात्रीचे. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच प्रकारच्या वेठीविरुद्ध.

(९) १८१७-१८ च्या मोहिमेत पेंढाऱ्यांचा बीमोड झाला. चितू पेंढारी असीरगडाजवळच्या जंगलात वाघाच्या तोंडी पडला. जानेवारी १८१९ मध्ये पैनगंगेपलीकडे, आजच्या नांदेड जिल्ह्यात, नोवसाजी नाईकांचा नाव्हा येथील किल्ला निजामाच्या फौजेने वेढा घालून घेतला. तोफा असलेल्या सैन्यापुढे भिंतींचा काळ संपत आला होता.

(१०) त्यानंतर गढ्या ढासळत गेल्या. त्यांची पांढरी माती लोकांनी घरांच्या धाब्यांसाठी नेली. वऱ्हाडातील अनेक गावांत आज बुरुजाचा एखादा ढिगाराच उरला आहे. तो पाहताना भिंतीच्या आत कोण सुरक्षित होते, एवढेच विचारून थांबू नये. वेस लागल्यावर बाहेर कोण राहिले, हेही विचारावे. गावाच्या सुरक्षिततेचा इतिहास त्या दुसऱ्या उत्तराशिवाय अपुरा आहे.