मुलूखमैदान

सभा गाजविणाऱ्या वक्त्यास ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. ही तोफ विजापुरास शेरझा बुरुजावर आहे, एवढें पुष्कळांस ठाऊक असतें. पण ती ओतली गेली अहमदनगरास, हें नगरकरांसहि क्वचितच आठवतें. तिचें मूळ नांव ‘मलिक-इ-मैदान’, म्हणजे रणांगणाचा धनी. मराठी तोंडांत त्याचें मुलूखमैदान झालें.

बुऱ्हाण निजामशहा गादीवर असतां इ. स. १५४९ मध्यें महंमद बिन हुसेन रूमी या कारागिरानें ती ओतली. ‘रूमी’ या उपपदावरून तो तुर्की मुलखांतला असावा. तोफा ओतण्याच्या विद्येंत त्या काळीं तुर्कांचा मोठा लौकिक होता, व दक्षिणेंतील सुलतान अशा माणसांस मानानें ठेवून घेत. तोफेची लांबी १४ फुटांवर, मुखाकडील व्यास जवळजवळ ५ फूट, नळीचा २ फूट ४ इंच आणि वजन अजमासें ५५ टन. मुखाशीं सिंहाचा जबडा घडविला असून दाढांत हत्ती चिरडला जात आहे.

धातु म्हणाल तर सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील. तोफेच्या नेहमींच्या धातूंत कथील याच्या निम्म्यानेंच असतें. हें तर घंटेचें कांसें झालें. कथील वाढलें कीं रस लवकर वितळतो व साच्यांत नीट पसरतो, पण धातु ठिसूळ होते. हल्ली एखादा हौशी गृहस्थ घराच्या पडवींत गॅसची लहान भट्टी मांडतो, मुशींत थोडें कांसें वितळवितो आणि शेजारच्या शेगडीवर टांकणखार लावून पितळेनें सांधे जोडतो. तेवढ्या कामांतहि आंच जरा उणी पडली तर रस सांध्यांत शिरत नाहीं. रूमीपुढें तोच प्रश्न पंचावन्न टनांचा होता, आणि तोहि कोळशाच्या व भात्याच्या काळांत! ओतणें मध्येंच खंडलें तर आधींचा रस निवतो, नंतरचा त्याशीं एकजीव होत नाहीं, व पुढें दारूच्या धक्क्यासरशीं तोफ तेथेंच फुटते. साच्यांत ओल राहिली तर तिची वाफ होऊन उकळता रस ओतणाऱ्यांच्याच अंगावर उसळतो.

विजापुरांतीलच ‘लांडा कसाब’ ही तोफ पाहावी. ती लोखंडाची, लांबीनें २१ फुटांवर. लांब पट्ट्या जुळवून त्यांवर तापलेलीं कडीं घणानें बसविलेलीं. हें लोहाराचें काम. एखादें कडें बिघडलें तर तेवढेंच काढून दुसरें घालावें. ओतणाऱ्यास ती सवड नाहीं. म्हणूनच रूमीचें धाडस आम्हांस मोठें वाटतें.

तालिकोटच्या लढाईंत, १५६५ सालीं, ही तोफ डागली गेली असें सांगतात. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यांत होती. तेथून १६३२ सालीं विजापूरकरांनीं ती नेली. १६८६ सालीं विजापूर पडल्यावर औरंगजेबानें आपल्या विजयाचा लेख तीवर कोरविला. मात्र ओतणाऱ्याचें नांव तसेंच राहूं दिलें, हा त्याचा चांगुलपणाच म्हणावयाचा.

१८५४ सालीं इंग्रज सरकारनें निरुपयोगी माल म्हणून तिचा लिलाव पुकारला. सर्वांत मोठी बोली आली दीडशें रुपयांची. ही किंमत व लोकांच्या मनांतील तोफेविषयींचा आदर एका अधिकाऱ्यानें वरिष्ठांस कळविला, तेव्हां कोठें विक्री रद्द झाली.