लंडनमधील निराधार वृद्ध आणि १९०८ चा वृद्धवेतन कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन ही जगाच्या सावकारीची पेठ होती, आणि त्याच शहरात म्हातारपण हे दारिद्र्याचे एक प्रमुख कारण होते. या दोन गोष्टींतील विसंगती तत्कालीन सुखवस्तू वर्गास क्वचितच जाणवे. कारण दारिद्र्य हे आळस, उधळपट्टी व व्यसन यांचे फळ होय, अशी त्याची धारणा होती. १८३४ चा सुधारलेला ‘पुअर लॉ’ याच धारणेवर उभा होता. सार्वजनिक साहाय्य घेणाऱ्याची स्थिती स्वतः राबून खाणाऱ्या हीनात हीन मजुरापेक्षाही हलकी असावी, हे त्याचे सूत्र. धडधाकट मजुरास कामाकडे वळविण्यासाठी योजलेली ही कसोटी, ज्यांच्या अंगात काम उरलेच नव्हते अशा वृद्धांसही लागू झाली. १८७० नंतर व्हाइटचॅपल, स्टेपनी येथील पालक मंडळांनी घरपोच साहाय्य जवळजवळ बंद केले. तेव्हा वृद्धांपुढे वर्कहाऊसवाचून फारसा मार्ग उरला नाही.

वर्कहाऊसची धास्ती केवळ तेथील निकृष्ट अन्नामुळे नव्हती. तेथे नवराबायकोस वेगळे ठेवीत. साठीपुढील जोडप्यांवर ही सक्ती करू नये, असा कायदा १८४७ मध्येच झाला होता. पण पुष्कळ ठिकाणी तो कागदावरच राहिला. शिवाय १८३२ च्या कायद्यानुसार वर्कहाऊसमध्ये मेलेल्या बेवारस माणसाचे प्रेत विच्छेदनासाठी देता येई. अर्धपोटी राहून स्वतःच्या अंत्यविधीसाठी आठवड्याला पेनी भरणाऱ्या म्हाताऱ्यांना अविचारी म्हणणाऱ्यांनी हा कायदा लक्षात घेतलेला दिसत नाही.

या धारणेला धक्का दिला तो चार्ल्स बूथने. बूथ हा लिव्हरपूलचा जहाजमालक. समाजवादाविषयी त्यास प्रेम नव्हते, आणि त्याच्या निष्कर्षांचे वजन वाढले ते काहीसे त्यामुळेच. स्टेपनीच्या वर्कहाऊसमधील माणसांच्या नोंदी तपासून दारिद्र्याची कारणे त्याने १८९२ मध्ये प्रसिद्ध केली. मद्यपान हे मुख्य कारण सुमारे आठांपैकी एकाच्या बाबतीत आढळले. वार्धक्य मात्र जवळजवळ एक-तृतीयांश लोकांच्या बाबतीत. पासष्टीपुढील दर दहांपैकी जवळजवळ तिघांना वर्षभरात केव्हा ना केव्हा सार्वजनिक साहाय्य घ्यावे लागते, हेही त्याच सुमारास सरकारी आकड्यांवरून दिसून आले. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे एकाच वयात दुर्गुणी होतात, असे म्हणणे कठीण होते. पासष्टीनंतर सर्वांना, चारित्र्याची चौकशी न करता, आठवड्यास ५ शिलिंग द्यावेत, असे बूथने सुचविले. चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने याला कडाडून विरोध केला. अशा वेतनाने काटकसर व कुटुंबाची जबाबदारी नष्ट होईल, असे तिचे म्हणणे. मुलेही उपाशी असली तर ही जबाबदारी पार कशी पडावी, याचे समाधानकारक उत्तर तिच्यापाशी नव्हते.

मात्र बूथच्या हिशेबातील वृद्ध बहुतांशी छपराखालचा होता. ज्यास खोलीही नव्हती, त्याच्यासाठी निराळी व्यवस्था होती: वर्कहाऊसला जोडलेला ‘कॅज्युअल वॉर्ड’. एका रात्रीच्या निवाऱ्याबद्दल तेथे दुसऱ्या दिवशी खडी फोडावी लागे किंवा जुन्या दोरांचे धागे उकलावे लागत. १८८२ नंतर त्यासाठी माणसास आणखी एक रात्र अडकवून ठेवीत. या वॉर्डच्या दाराशी ताटकळणाऱ्यांचे ल्यूक फाइल्डसने काढलेले चित्र १८७४ मध्ये रॉयल ॲकॅडमीत लागले, तेव्हा दर्शकांची गर्दी आवरण्यासाठी चित्रापुढे कठडा घालावा लागला. करुणा शहरात नव्हती असे म्हणता येणार नाही. ती चित्रापाशी अधिक सुलभ होती इतकेच. १९०२ मध्ये जॅक लंडन हा अमेरिकन लेखक एका वयस्क गाडीवानाबरोबर व एका सुताराबरोबर अशाच वॉर्डांच्या शोधात हिंडला. ते दोघे चालता चालता फुटपाथवरील संत्र्याच्या साली उचलून खात असल्याचे त्याने नमूद केले आहे. दोघेही एके काळचे कसबी व कष्टाळू होते.

१९०८ च्या कायद्याने ५ शिलिंग मान्य केले. वय मात्र ७० ठरले, आणि चौकशी परत आली. वार्षिक उत्पन्न ३१ पौंड १० शिलिंगांहून अधिक असल्यास वेतन नाही; कुवतीनुसार काम करण्याचे ज्याने सतत टाळले त्यासही नाही. १ जानेवारी १९०८ पासून ज्याने सार्वजनिक साहाय्य घेतले तो १९१० अखेरपर्यंत अपात्र. म्हणजे त्या काळात कॅज्युअल वॉर्डमध्ये काढलेली एक रात्रही वेतनाच्या आड येई. वयाचा पुरावा हीही अडचणच होती, कारण इंग्लंडमधील जन्मनोंदणी १८३७ मध्ये सुरू झालेली. तेव्हा चर्चची बाप्तिस्म्याची वही शोधावी लागे. गावोगाव भटकलेल्या माणसास ती कोठून मिळणार?

तरीही १ जानेवारी १९०९ रोजी टपालकचेऱ्यांतून वेतन सुरू झाले, तेव्हा लाखो वृद्ध त्यास पात्र ठरले होते, आणि त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. या पैशासाठी पालक मंडळापुढे उभे राहावे लागत नव्हते. तो टपालकचेरीच्या खिडकीवर हक्काने मिळे. १९११ च्या आरंभी साहाय्याविषयीची अट गळाल्यावर वर्कहाऊसबाहेर साहाय्य घेणाऱ्या वृद्धांची संख्या झपाट्याने घटली. कॅज्युअल वॉर्ड मात्र चालूच राहिले. ‘पुअर लॉ’ औपचारिकरीत्या रद्द झाला तो १९४८ मध्ये. तोपर्यंत घर नसलेल्या म्हाताऱ्याचा रात्रीचा निवारा याच कायद्याच्या कक्षेत राहिला.