तळघरातली पाच रिळं

माझ्या नोकरीतला एक भाग मी घरी कधी सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाहीच म्हणा. मी डेटा पुसतो. रोज रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट लिहितो, आणि 90 दिवसांपेक्षा जुनं जे असेल ते त्या उडवतात. स्टोरेजला पैसे पडतात आणि जुनं कुणी उघडून बघत नाही, असा सरळ हिशोब. काय उडवायचं याची यादी माझ्याकडे मंजुरीला येते तेव्हा मी तिला फार तर दोन मिनिटं देतो.

त्यामुळे ‘अमुक कंपनीने अमूल्य रेकॉर्डिंग पुसून टाकलं’ असं काही वाचलं की माझी पंचाईत होते. जॅझ ऐकणाऱ्याला असलं वारंवार वाचावं लागतं. ऐकणारा म्हणून मी चिडतो, आणि पुसणारा म्हणून गप्प बसतो.

बेसबॉल माझ्या आयुष्यात आला तो या जॅझच्याच मागे मागे. ‘जॅझ’ हा शब्द छापलेला सापडतो तो संगीताच्या आधी बेसबॉलच्या बातम्यांमधे. 1912 मधे लॉस एंजलिसच्या एका वर्तमानपत्रात एक पिचर आपल्या नव्या फसव्या चेंडूला ‘जॅझ बॉल’ म्हणतो. 1913 मधे सॅन फ्रान्सिस्कोचा एक क्रीडापत्रकार तोच शब्द संघाच्या अंगातल्या जोमासाठी वापरतो. संगीताला ते नाव चिकटायला अजून दोनेक वर्षं जायची होती. हे वाचलं आणि मी बेसबॉलच्या इतिहासात शिरलो, तो थेट एका तळघरात जाऊन पोचलो.

तळघर बिंग क्रॉस्बीचं. क्रॉस्बी आता ख्रिसमसच्या गाण्यांपुरता उरलाय, पण तो जॅझमधून घडलेला गायक. पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदात तो पुढे आला, लुई आर्मस्ट्राँगबरोबर त्याने सिनेमात काम केलं. 1940 च्या दशकात तो अमेरिकन रेडिओवरचा फार मोठा माणूस होता आणि एका गोष्टीला वैतागला होता. कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या वेळेत तीन तासांचा फरक, म्हणून तोच कार्यक्रम एकाच दिवशी दोनदा करायचा. त्याला गोल्फ खेळायला जायचं असायचं. युद्धानंतर जॅक मुलिन नावाचा अभियंता जर्मनीतून दोन टेप रेकॉर्डर सुटे करून घेऊन आला होता. क्रॉस्बीने ते ऐकलं, 1947 पासून आपला कार्यक्रम टेपवर घ्यायला सुरुवात केली आणि अँपेक्स या छोट्या कंपनीत 50,000 डॉलर घातले. टेप रेकॉर्डिंगचा धंदा अमेरिकेत उभा राहिला त्यात या आळसाचा मोठा वाटा आहे. (आळशी माणूस चांगला प्रोग्रॅमर होतो असं आमच्यात म्हणतात, ते आठवलं.)

हाच क्रॉस्बी पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा एक भागीदार मालक होता. 1960 च्या वर्ल्ड सिरीजमधे त्याचा संघ न्यूयॉर्क यँकीजसमोर उभा राहिला. सातपैकी चार सामने जिंकायचे असतात. तीन-तीन बरोबरी झाली आणि 13 ऑक्टोबरला सातवा सामना ठरला. क्रॉस्बीला हे सगळं सोसवेना. तो पॅरिसला निघून गेला आणि सामना रेडिओवर ऐकला. पण जाण्यापूर्वी त्याने एक व्यवस्था केली होती: टीव्हीवरचं प्रक्षेपण पडद्यावरून फिल्मवर उतरवून ठेवायचं, म्हणजे जिंकलो तर नंतर निवांत बघता येईल. संघ 10-9 असा जिंकला. शेवटच्या इनिंगमधे बिल मॅझेरोस्कीने होम रन मारून सामना आणि सिरीज दोन्ही संपवलं. अमेरिकेतला बेसबॉलवेडा माणूस या फटक्याबद्दल आजही बोलतो. सामन्याचं पूर्ण चित्रण मात्र कुणाकडेच नव्हतं. चॅनेलवाले तेव्हा असली चित्रणं जपत नसत. कशाला जपतील? सामना झाला, निकाल छापून आला.

क्रॉस्बी 1977 मधे गेला. डिसेंबर 2009 मधे त्याच्या जुन्या कार्यक्रमांच्या फिती शोधत असलेल्या रॉबर्ट बेडर या माणसाला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या त्या घराच्या तळघरात, वाइन ठेवायच्या जागी, पाच रिळं सापडली. वाइनसाठी जागा थंड आणि कोरडी ठेवलेली, त्यामुळे फिल्मही शाबूत. संपूर्ण सामना, कृष्णधवल. वर्षभराने तो टीव्हीवर दाखवला.

आता प्रश्न असा, की ही रिळं सापडली नसती तर नेमकं काय गेलं असतं?

निकाल गेला नसता. धावाही नाहीत. बेसबॉलला या बाबतीत क्रिकेटचंच रक्त लागलंय. हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्रज, अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो बेसबॉलकडे वळला आणि अख्खा सामना एका छोट्या तक्त्यात बसवायची पद्धत त्याने रुजवली. पुढे मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा आला. पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट बेस 3, शॉर्टस्टॉप 6. ‘6-4-3’ एवढं लिहिलं की जाणकाराला चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला आणि दोघं कसे बाद झाले ते दिसतं. मला ही फार सुंदर डेटा फॉरमॅट वाटते. त्या सातव्या सामन्यात दोन्ही बाजूंचा एकही बॅटर ‘स्ट्राइकआउट’ झाला नाही, आणि वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा दुसरा सामना नाही. हे कळायला फिल्म लागत नाही.

पण आठव्या इनिंगमधे यँकीज 7-4 ने पुढे असताना बिल व्हर्डनने एक साधा जमिनीवरचा फटका मारला. दोन बाद होतील असा चेंडू. तो मधेच कशावर तरी उसळला आणि शॉर्टस्टॉप टोनी क्युबेकच्या थेट गळ्यावर बसला. क्युबेक कोसळला, त्याला मैदानाबाहेर न्यावं लागलं. सामना तिथून फिरला, पायरेट्सनी त्या इनिंगमधे पाच धावा केल्या. स्कोअरशीटवर व्हर्डनच्या नावापुढे ‘सिंगल’. बस. नवव्या इनिंगमधे मिकी मँटल दोन्हीकडून कोंडीत सापडला आणि दुसरीकडे पळायच्या ऐवजी उलटा फर्स्ट बेसवर सूर मारून वाचला. तेवढ्यात बरोबरीची धाव पूर्ण झाली. स्कोअरशीटवर तिथे बाद झालेल्या दुसऱ्याच बॅटरची नोंद.

म्हणजे कागदावर हाडं राहतात. मला आधी वाटलं, हाडांना काय किंमत? मग मी जॉश गिब्सनच्या मागे लागलो आणि मत बदललं.

गिब्सन हा कृष्णवर्णीय कॅचर, वर्णभेदामुळे मुख्य लीगमधे कधीच खेळू दिलं नाही. तो ज्या लीगमधे खेळला तिचं तेव्हाचं नावच ‘नीग्रो लीग’. जानेवारी 1947 मधे तो 35 व्या वर्षी गेला आणि तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनने मुख्य लीगमधे पाऊल टाकलं. गिब्सनबद्दल गोष्टी उदंड, अधिकृत आकडे शून्य. पण कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं, म्हणजे शिकागोचं ‘डिफेंडर’, पिट्सबर्गचं ‘कुरियर’ वगैरे, सामन्यांचे तक्ते छापत होती. अनेक वर्षं काही हौशी माणसं मायक्रोफिल्मवर डोळे फोडत ते तक्ते एकेक करून उतरवत राहिली. आणि मे 2024 मधे मेजर लीग बेसबॉलने 1920 ते 1948 पर्यंतच्या त्या लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत घेतले. गिब्सनची कारकिर्दीची सरासरी .372 निघाली. टाय कॉबची .367. मरून 77 वर्षं झालेला माणूस एका सकाळी पहिल्या क्रमांकावर आला.

सगळं सापडलेलं नाही. सुमारे तीन चतुर्थांश नोंदी मिळाल्या असा अंदाज आहे. गावोगाव फिरून खेळलेले सामने तर मोजणीतच नाहीत. हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या पाटीवर जवळजवळ 800 होम रन लिहिले आहेत, अधिकृत मोजणीत दोनशेही भरत नाहीत. तरीही, कागदावरून माणूस परत उभा करता आला.

जॅझमधे ही सोय नाही. आपल्याकडे भातखंड्यांनी बंदिशी लिपीत बांधल्या, त्या आजही वाचता येतात, पण त्या वाचून कुणाची मैफल ऐकू येत नाही. तसंच हे. जॅझच्या अभ्यासकांनीही आकड्यांचा छंद जोपासला: कोणत्या तारखेला, कुठल्या स्टुडिओत, कोण कोण, कितवा टेक. चार्ल्स डेलोने याने पॅरिसमधे 1936 सालीच अशी मोठी सूची छापली. पण ही सूची रेकॉर्ड झालेल्याची. जे झालंच नाही त्याला ओळसुद्धा नाही.

आणि जे झालं नाही ते थोडंथोडकं नाही. पहिली जॅझ तबकडी 1917 ची, तीही गोऱ्या बँडची. त्यानंतरची वीस-तीस वर्षं बहुतेक संगीत तीन-सव्वातीन मिनिटांत कोंबलेलं, कारण दहा इंची तबकडीवर तेवढंच मावायचं. रात्री क्लबात दहा मिनिटं चालणारा सोलो आपल्याकडे अर्ध्या मिनिटाचा पोचतो. त्यात 1 ऑगस्ट 1942 पासून वादक संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्यांपैकी डेका वर्षभराने नमली, व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर 1944 पर्यंत ताणत राहिल्या. संघटनेचा मुद्दा मला पटतो, रेकॉर्डमुळे वादकांची कामं जात होती. पण त्याच काळात अर्ल हाइन्सच्या बँडमधे चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी शेजारी शेजारी बसून संगीताची भाषा बदलत होते. त्या बँडची एकही तबकडी नाही. उरलंय ते बॉब रेडक्रॉस या मित्राने शिकागोतल्या हॉटेलच्या खोलीत घरगुती यंत्रावर पकडलेलं थोडंसं.

असंच बिल सॅव्हरीचं. हा ध्वनी अभियंता 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात नोकरीच्या निमित्ताने रेडिओवरची प्रक्षेपणं तबकड्यांवर उतरवायचा, आणि आवडलेली स्वतःसाठी ठेवायचा. त्याच्या तबकड्या मोठ्या होत्या, त्यामुळे लेस्टर यंग किंवा कोलमन हॉकिन्स तीन मिनिटांची मर्यादा ओलांडून वाजवताना ऐकू येतात. ऐकू येतात म्हणजे आता येतात. सॅव्हरीने आयुष्यभर त्या जवळपास कुणाला ऐकवल्याच नाहीत. 2004 मधे तो गेला, 2010 मधे हार्लेमच्या जॅझ संग्रहालयाने त्याच्या मुलाकडून हजाराच्या आसपास तबकड्या घेतल्या. काहींना बुरशी, काहींचा थर सोललेला. नंतर हक्कांचा घोळ: कितीतरी वादक, कितीतरी वारस, परवानगी कोणाची घ्यायची? काही काळ ते संगीत ऐकायचं तर हार्लेमला जाऊनच, अशी अवस्था. 2016 पासून ते थोडं थोडं बाहेर आलं. या माणसाचा मला राग येतो आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटतं.

थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन 1957 मधे न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉटमधे कित्येक महिने एकत्र वाजवत होते. दोघं वेगवेगळ्या कंपन्यांच्या करारात, म्हणून स्टुडिओतली जेमतेम तीन गाणी. बाकी सगळं ऐकीव. मग 2005 मधे अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयात लॅरी ॲपलबॉम डिजिटायझेशनसाठी आलेल्या जुन्या टेप चाळत असताना एका खोक्यावर त्याला मंकचं नाव दिसलं. कार्नेगी हॉल, 29 नोव्हेंबर 1957. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने परदेशी प्रक्षेपणासाठी घेतलेलं आणि मग सरकारी शिरस्त्याप्रमाणे ठेवून दिलेलं. कुणी प्रेमाने जपलं नव्हतं. फक्त पुसायचा नियम नव्हता.

आपल्या मुंबईतही याचा एक तुकडा आहे. ताजमहाल हॉटेलात 1930 च्या दशकापासून जॅझ वाजायचं. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ वाचा. हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट तिथे आपला बँड घेऊन वाजवायचा आणि दिवसा सी. रामचंद्रांच्या रेकॉर्डिंगला जायचा. ‘अलबेला’त (1951) तो ऐकू येतो, काही तबकड्याही आहेत. पण ताजमधे रात्रभर वाजलेल्याच्या मानाने हा ऐवज चिमूटभर. सिनेमाला त्याची गरज पडली, म्हणून तेवढा तरी राहिला.

गेल्या आठवड्यात पुन्हा यादी आली मंजुरीला. मी या वेळी वीस मिनिटं वाचली. काहीही कळलं नाही. नुसते लॉग, फाइलींची नावं, तारखा. यात कार्नेगी हॉल असेल तर तो मला ओळखता येणार नाही, आणि सगळंच ठेवायला कुणी पैसे देणार नाही. मी मंजूर केलं.

घरी येऊन बडी बोल्डनचा फोटो उघडला. न्यू ऑर्लिन्सचा हा कॉर्नेटवादक, जन्म 1877, जॅझ सुरू झालं ते याच्यापासून असं जुने वादक सांगायचे. 1907 मधे त्याला मनोरुग्णालयात टाकलं, तिथेच 1931 मधे तो गेला. बँडमधला विली कॉर्निश सांगायचा की आम्ही एकदा मेणाचा सिलिंडर रेकॉर्ड केला होता. लोकांनी खूप शोधला, मिळाला नाही. त्यामुळे आवाज नाही, फक्त हा एक डाग पडलेला फोटो. सहा माणसं, हातात वाद्यं. तो छापतानाही भांडण होतं. एका बाजूने छापला की गिटार आणि बास वाजवणारे डावखुरे दिसतात, आणि उलटा केला की क्लॅरिनेटवाल्यांचे हात चुकतात.