पाषाण रस्त्यावरचं चुंबकत्व

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा असं लांबलचक नाव पुण्यात कुणी घेत नाही. पाषाण रस्त्यावरची ती 'एनसीएल'. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. तिच्या पहिल्या दोन संचालकांकडे पाहिलं की ही निवड करणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. पहिले जेम्स मॅकबेन. साबणाच्या पाण्यात नेमकं काय चाललेलं असतं, या एका प्रश्नामागे त्यांनी अर्धं आयुष्य घातलं. साबणाचे रेणू पाण्यात झुबके करून राहतात, हे त्यांनी 1913 च्या सुमारास मांडलं. ते झुबके अवघ्या काही नॅनोमीटरचे. 'नॅनो'चा बोलबाला व्हायच्या कितीतरी आधी हा माणूस त्याच मापात विचार करत होता.

दुसरे जॉर्ज इंगल फिंच, 1952 ते 1957. हे तर एव्हरेस्टवाले. 1922 च्या मोहिमेत पाठीवर ऑक्सिजनच्या नळकांड्या घेऊन ते जेफ्री ब्रूसबरोबर 8,300 मीटरच्या वर पोहोचले होते. तोवर तितक्या उंचीवर कुणीच चढलेलं नव्हतं. पिसांचा कोट शिवून घेतला म्हणून सोबतचे साहेब त्यांना हसले होते; थंडी वाढल्यावर हसणं थांबलं. पुण्यात ते आले तेव्हा साठी उलटलेली होती. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी इलेक्ट्रॉन विवर्तनात नाव कमावलं होतं. पातळ थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकायचा आणि पलीकडे उमटणाऱ्या वर्तुळांवरून अणूंची मांडणी ओळखायची, असं ते तंत्र. एनसीएलमध्ये त्यांना ए. पी. बी. सिन्हा आणि के. पी. सिन्हा भेटले. फेराइट-मँगॅनाइट या चुंबकी ऑक्साइडांवर तिघांनी मिळून लिहिलेला निबंध 1957 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. मँगॅनीजचे अणू घनाकार स्फटिकाला एका बाजूने ताणतात, आणि त्यांचं प्रमाण पुरेसं वाढलं की अख्खा स्फटिक लांबुळका होतो, हा त्याचा विषय. पाषाणच्या चुंबकी ऑक्साइडांची वंशावळ मी तिथून मोजते.

पुढे या ऑक्साइडांत शिरलेली दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं तेव्हा कुठे होती? लॅन्थॅनम, सेरियम, गॅडोलिनियम, डिस्प्रोसियम ही ती मंडळी. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून ती वेगळी काढण्याचा सरकारी कारखाना 1952 मध्ये आलुव्याला सुरू झाला. पुण्यातल्या घरांत मात्र त्यांचा शिरकाव फार आधीच झालेला होता, गॅसबत्तीतून. माझ्या आजोळी मंडईजवळ गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा धंदा होता. वरातीच्या दोन्ही अंगांना डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या बायका, पंप मारणारा एक पोऱ्या, आणि जाळी फुटू नये म्हणून मामाचा अखंड आरडाओरडा. ती जाळी म्हणजे थोरियम आणि सेरियमच्या क्षारांत भिजवलेलं सुती विणकाम. पहिल्यांदा पेटवलं की सूत जळून जातं आणि उरतो तो निव्वळ ऑक्साइड: नव्व्याण्णव भाग थोरियमचा, एक भाग सेरियमचा. उजेड पांढराशुभ्र पडतो तो त्या एका भागामुळे. बोट लागलं की संपलं. जाळीची राख हातात आणि मामाचा धपाटा पाठीत.

या मूलद्रव्यांचं चुंबकत्व विचित्र आहे. धातुरूप लोखंडात अणूमागे सुमारे 2.2 बोर मॅग्नेटॉन चुंबकी आघूर्ण असतं. डिस्प्रोसियमच्या आयनात 10.6. म्हणजे जवळजवळ पाचपट. पण डिस्प्रोसियम ऑक्साइडची पूड टेबलावर ठेवून टाचणी जवळ न्या, ढिम्म काही होत नाही. ज्या इलेक्ट्रॉनांमुळे हे चुंबकत्व येतं ते अणूच्या आत, बाहेरच्या कवचांच्या आड दडलेले. शेजाऱ्याशी त्यांचं बोलणं इतकं क्षीण की जेमतेम काही केल्व्हिन तापमानापर्यंत खाली गेल्याशिवाय त्यांच्यात शिस्त येत नाही. लॅन्थॅनमकडे तर असे इलेक्ट्रॉनच नाहीत. तरीही तो मँगॅनीज किंवा कोबाल्टच्या ऑक्साइडात शिरला की त्या यजमानांचं चुंबकत्व घडवतो-बिघडवतो. 1990 च्या दशकात जगभर याच संयुगांचा धुमाकूळ होता.

मी तेव्हा विद्यापीठात पीएच.डी. करत होते. लॅन्थॅनम ऑक्साइडचा पुण्याच्या पावसाळ्याशी उभा दावा. उघडी बाटली हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पिते. मग आपण जे तोलतो ते लॅन्थॅनम ऑक्साइड राहतच नाही. म्हणून आधी भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजायचं आणि निवल्याबरोबर, आर्द्रतेने गाठायच्या आत, तोलायचं. जुलैत आमची निम्मी दुपार त्या भट्टीपाशी जायची.

त्या काळात मोजमापाची एक रीत सर्वांच्या तोंडी होती. नमुना एकदा चुंबकी क्षेत्राशिवाय थंड करायचा, मग थोडं क्षेत्र लावून तापवत मोजायचं. दुसऱ्यांदा क्षेत्र लावूनच थंड करायचा. दोन वक्र खालच्या तापमानाला एकमेकांपासून फाकतात. फाकले की लोक उत्साहाने लिहीत, इथे 'स्पिन ग्लास' आहे, म्हणजे चुंबकी दिशा वेड्यावाकड्या गोठल्या आहेत. 1998 मध्ये एनसीएलच्याच पी. ए. जॉय, पी. एस. अनिल कुमार आणि एस. के. दाते यांनी या उत्साहाला लगाम घातला. नीट शिस्तीतल्या, सरळसाध्या चुंबकी पदार्थांतही ही फट पडते, हे त्यांनी दाखवलं. गोठलेली दिशा परतवायला जेवढं उलटं क्षेत्र लागतं, म्हणजे त्या पदार्थाची कोअर्सिव्हिटी, ती लावलेल्या क्षेत्रात मिळवली की दोन वक्रांचा हिशेब जवळपास जुळतो. इतकं साधं. नॅनोकणांवर काम करणाऱ्या जगभरच्या मंडळींनी तो निबंध पुढे वारंवार आधाराला घेतला. माझ्या मते पाषाण रस्त्यावरून निघालेल्या चुंबकी कामांत हे सर्वांत मोलाचं, आणि त्यात नवा पदार्थ एकही नव्हता.

नॅनोकणांच्या बाबतीत हा संशयी स्वभाव अधिकच लागतो. 2006 मध्ये बंगळुरूच्या सुंदरेशन, सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की एरवी अचुंबकी असलेले ऑक्साइड नॅनोकणांच्या रूपात खोलीच्या तापमानालाही लोहचुंबकी होतात. त्यांच्या यादीत सेरियम ऑक्साइड होता, आमच्या गॅसबत्तीतला तो एक भाग. पृष्ठभागावरून ऑक्सिजन निसटल्याच्या जागा याला कारण, असं त्यांचं म्हणणं. मग वाद पेटला, कारण हे चुंबकत्व इतकं अल्प की स्टीलच्या चिमट्याने नमुना उचलला तरी तेवढा लोखंडाचा अंश लागू शकतो. तेव्हा प्लॅस्टिकचा चमचा, जिलेटिनची कॅप्सूल, रिकाम्या कॅप्सूलचं वेगळं मोजमाप, हे सगळं आलं.

आणि पुण्यात आणखी एक पाहुणा असतो. हे शहर बसलंय बेसाल्टवर, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. वेताळ टेकडीच्या पायवाटेवर चुंबक फिरवा, काळी मिशी फुटते. फिंच पाषाणला होते त्याच दशकात इंपीरियल कॉलेजचे क्लेग आणि सहकारी दख्खनच्या या खडकांतलं गोठलेलं चुंबकत्व मोजत होते. ते खडक थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असा निष्कर्ष त्यांनी 1956 मध्ये काढला. भूशास्त्राला तो कण देणगी ठरला. सेरियम ऑक्साइड मोजणाऱ्याला तोच कण, उन्हाळ्यात खिडकीतून आत येऊन टेबलावर बसलेला, खोटा शोध लावून देऊ शकतो. त्यामुळे मी माझ्या विद्यार्थ्यांना मोजमापाआधी फडकं ओलं करायला लावायचे, आणि फाकलेला आलेख घेऊन कुणी नाचत आलं की आधी त्या तिघांचा 1998 चा निबंध वाचायला धाडायचे.