घरपट्टी, जकात आणि कचरा : वसईच्या नगरकारभाराची दीडशे वर्षे

वसईचा इतिहास सांगणारे बहुधा किल्ल्यापाशी थांबतात. 1534 चा तह, 1739 ची चिमाजी अप्पांची मोहीम, 1802 चा तह; त्यानंतर जणू काही घडलेच नाही. मला मात्र 1864 हे साल तितकेच महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी वसईत नगरपालिका स्थापन झाली आणि त्याच वर्षी मुंबई-सुरत रेल्वेमार्ग तालुक्यातून सुरू झाला. आजच्या वसई-विरारचा कर आणि गर्दी, दोन्हींचा उगम तेथे आहे. या लेखात मी नगरकारभारातील एकाच खर्चाचा, कचऱ्याच्या खर्चाचा, माग घेणार आहे. हा खर्च प्रत्येक काळात कोणी ना कोणी सोसला. पण सोसणाऱ्याचे नाव जमाखर्चात क्वचितच दिसते.

मुंबई इलाख्यातील लहान गावांना नगरपालिकेची वाट 1850 च्या सव्विसाव्या कायद्याने मोकळी झाली. आरंभीचे सभासद सरकारनियुक्त असत आणि कारभारावर जिल्हा अधिकाऱ्यांची छाप असे. उत्पन्नाची मुख्य साधने दोन: जकात आणि घरपट्टी. घरपट्टी थेट घरमालकाच्या हातून द्यावी लागते, म्हणून ती डोळ्यांत खुपते. जकात मालाच्या किमतीत मिसळून जाते. त्यामुळे इलाख्यातील बहुतेक नगरपालिका जकातीवरच विसंबल्या. खर्चाच्या बाजूला रस्ते, दिवे, विहिरी, शाळा आणि झाडलोट. वसईची वस्ती तेव्हा दहा हजारांच्या आसपास होती. एवढ्या गावाचा संसार एवढ्या जमेत कसाबसा भागे.

तो भागण्याचे एक कारण अर्थसंकल्पात सापडत नाही. ते वसईच्या वाड्यांत सापडते. केळी, पानवेली, ऊस आणि फुलांची ही बागायत जमीन खताची भुकेली होती. बागायतदार पेंड आणि सुक्या मासळीचे खतही विकत आणून घालत. अशा गावात शेण, पालापाचोळा, राख आणि खरकटे यांना कचरा म्हणण्याचे कारण नव्हते. पुण्यात तर नगरपालिका मैल्यापासून केलेले सोनखत विकत असे आणि मुठेच्या कालव्याखालचे ऊस बागायतदार ते घेत. म्हणजे आज ज्या गोष्टीवर कोट्यवधी रुपये खर्च होतात, तिची नोंद तेव्हा जमेच्या बाजूला होऊ शकत होती.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना थांबावे लागते. मैला वाहणारे हात मेहतर समाजाचे होते, आणि ते काम स्वस्त होते ते जातीने त्यांना दुसरा पर्याय ठेवला नव्हता म्हणून. मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या जीवनमानाच्या चौकशीसाठी 1949 मध्ये बर्वे समिती नेमली आणि 1952 मध्ये तिचा अहवाल आला. डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी करणारा केंद्रीय कायदा 1993 मध्ये झाला. नगरपालिकांची घरपट्टी हलकी राहिली ती अंशतः याच माणसांच्या जिवावर.

रेल्वेने दुसरा बदल घडवला. स्थानक जुन्या वसई गावात नव्हे, काही मैल दूर झाले. पुढे वस्ती वाढली ती स्थानकांभोवती, म्हणजे जुन्या नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या नगरपरिषदा अशा वस्तीतून उभ्या राहिल्या. इकडे उत्पन्नाची साधने मात्र आखडत गेली. घरपट्टी घराच्या संभाव्य भाड्यावर, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून, ठरे; पण 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली आणि त्यांच्यासोबत घरपट्टीही. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली व तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. अनुदान म्हणजे दुसऱ्याच्या हातातली थैली.

3 जुलै 2009 रोजी या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांतून तीव्र विरोध झाला. बिल्डरांच्या अतिक्रमणाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळ येथे आधीच रुजलेली होती. 2011 मध्ये राज्य शासनाने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला आणि वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. या विरोधाकडे केवळ वाढत्या घरपट्टीची भीती म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. शहराचा कर आपल्याकडे येईल आणि शहराचा भार आपल्या जमिनीवर पडेल, ही त्यामागची खरी धास्ती होती.

ती निराधार नव्हती. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. त्यांचा कचरा वसई पूर्वेला गोखिवरे येथील भोयदापाड्याच्या क्षेपणभूमीवर पडत आला. प्लास्टिक मिसळलेला हा कचरा कोणत्याही वाडीला नको आहे. नालासोपारा पूर्वेला क्षेपणभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित असलेल्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या. जुलै 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि 2025 च्या आरंभी पाडकाम पुरे झाले. कचऱ्यासाठी राखलेल्या जमिनीची किंमत शेवटी तेथे घर घेतलेल्या कुटुंबांनी मोजली.

2016 च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केले आणि कचरा निर्माण करणाऱ्याने शुल्क द्यावे असे सांगितले. नियम रास्त आहे. पण हे शुल्क किती आणि कोणाकडून, हे ठरवायला निवडलेले सभागृह लागते. जून 2020 मध्ये मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ या शहराचा अर्थसंकल्प प्रशासकांनीच मांडला आणि मंजूर केला. सरकारनियुक्त सभासदांच्या 1864 च्या नगरपालिकेपासून आपण किती पुढे आलो, असा प्रश्न पडतो.

वाडी, मेहतर, गोखिवऱ्याचा पाडा, आरक्षित जागेवरची कुटुंबे: प्रत्येकाने शहराच्या हिशेबातला काही भार उचलला. घरपट्टी वाढवावी की नाही, हा वाद दर मार्चमध्ये होईल. त्याआधी एक स्तंभ वहीत वाढवायला हवा: जो खर्च आपण करत नाही, तो कोण सोसतो?