शोभेची दारू आणि दारूखान्याची शिस्त

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील ग्रामदैवतांच्या यात्रा हा आपणां सर्वांच्या बालपणीचा ठेवा होय. पालखीचा छबिना निघतो, ढोल-लेझीम घुमू लागते आणि आकाशात शोभेची दारू फुलते. ही हौस आजकालची नव्हे. संत एकनाथांच्या सोळाव्या शतकातील ‘रुक्मिणीस्वयंवरा’त विवाहप्रसंगीच्या दारूकामाचे वर्णन आढळते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी तर १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात इ. स. १४०० पासूनचा या कलेचा इतिहास साधार मांडला आहे.

परंतु पूर्वजांच्या हौसेचा वारसा सांगताना त्यांच्या शिस्तीचा मात्र आपणांस विसर पडत चालला आहे. इ. स. १७१५ च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ पाहावे. गडावरील दारूखाना घरांच्या जवळ किंवा घरांवरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर नसावा. भोवती झाडांचे दाट कुंपण असावे. दारू तळघरात माचावर, ओल न लागेल अशी ठेवावी. हवालदाराने आठा-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे व पुन्हा मोहोरबंद करावी. अहोरात्र पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणासही जवळ फिरकू देऊ नये, असा त्यातील दंडक आहे. चुलीतील एक ठिणगी काय अनर्थ करील, हे ते जाणत होते. ज्यांचा दारूशी नित्याचा व्यवहार, त्यांनी एवढी भीड बाळगली. आणि शिवनेरीच्या परिसरात वाढलेल्या आपल्या एखाद्या हौशी तरुणाने ऐकीव माहितीवर घराच्या पडवीत दारू कुटावी, हे कोणत्या इतिहासास धरून आहे?

शिवाय आजचा धोका अधिक आहे. जुनी दारू सोरा, गंधक व कोळसा यांची असे, आणि तीही ठिणगीसरशी भडकत असे. पुढे आलेले क्लोरेट गंधकात मिसळले असता केवळ घर्षणाने वा आघातानेही स्फोट होतो. म्हणूनच भारत सरकारने १९९२ मध्ये त्या मिश्रणावर बंदी घातली. परवान्यावाचून दारूकाम तयार करणे तर १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्यान्वये अपराधच आहे.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींना नम्र विनंती की, यात्रेचे दारूकाम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे. ते उडविण्याची जागा वस्ती, कडब्याच्या गंजी व गवताची खळी यांपासून दूर निवडावी. पाणी व वाळू हाताशी असावी. न उडालेल्या नळ्यावर कोणी वाकून पाहू नये. मुलांना अंतरावर बसवावे. बोटे गमावलेला हात वा दृष्टी गेलेला डोळा कोणत्याही वर्गणीतून परत मिळत नाही. देवाच्या पालखीपुढे प्रकाश अवश्य व्हावा. परंतु त्यापायी कोणाच्या घरात अंधार होऊ नये, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.