पिकअपची उंची कुठून आली?

"मिस्त्री, मागून दोन-तीन इंच खाली घ्या, पण गाडी आपटायला नको." पाट्यांचं काम करणाऱ्या गॅरेजात असं गिऱ्हाईक आलं की आधी सगळे हसतात. काशिमिरा नाक्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत रोजची मागणी नेमकी उलटी असते: एक पाटा वाढवून द्या, गाडी मालाने बसते. उत्तनची मासळी, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतली स्टीलची भांडी, नव्या टॉवरांच्या टाइल्स, हे सगळं ज्या गाड्यांवर चालतं त्यांच्या मालकांना उंची खटकत नाही, उंची कमी झाली की धडकी भरते. हौशी पोराची मागणी म्हणून इथे चेष्टेचा विषय. पण दोनशे वर्षं मागे गेलं तर दिसतं की गाडी खाली आणणं आणि ती मऊ चालवणं ही मुळात एकाच माणसाने एकाच युक्तीने साधलेली कामं होती.

बैलगाडीपासून सुरुवात करू. तिला स्प्रिंग नाही. चाक मोठं, कारण लहान चाक खड्ड्यात जातं आणि मोठं चाक त्यावरून निघून जातं. आख चाकाच्या मध्यावर, साठा त्याच्याही वर. म्हणजे उंची चाकानेच ठरवली. बसणारा धक्का माणसाच्या पाठीत आणि जुवातून बैलाच्या मानेत. युरोपातल्या श्रीमंतांच्या गाड्या चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेल्या असत, पण पुढचा आणि मागचा आख जोडायला खालून एक जाडजूड लाकडी तुळई लागे. टांगलेली पेटी त्या तुळईच्या वर डोलायची. आत जायला पायऱ्या चढाव्या लागत.

१८०४ साली लंडनच्या ओबाडाया एलियटने पोलादी पट्ट्यांचे दोन जुडगे तोंडाला तोंड लावून लंबगोल स्प्रिंग केली, पेटी थेट तिच्यावर बसवली आणि तुळई काढून टाकली. पेटी खाली आली, वजन घटलं, धक्के कमी झाले. तीनही गोष्टी एकाच पेटंटात. तिथल्या कलासंस्थेने त्याला सुवर्णपदक दिलं ते उगाच नाही. मुंबईत ज्या घोडागाडीला आपण व्हिक्टोरिया म्हणत आलो, तिच्यात चढताना पाय फारसा उचलावा लागत नसे, तो याच वंशाचा गुण. २०१५ साली उच्च न्यायालयाने या गाड्या बंद करण्याचा आदेश दिला तो घोड्यांच्या हालांमुळे. स्प्रिंगांबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मग तीच पट्टी पिकअपखाली गेल्यावर गाडी उंच आणि कडक का झाली? कारण व्हिक्टोरियात बसणारे दोन असोत की चार, वजनात मोठा फरक पडत नाही. पिकअपच्या मागच्या आखावर रिकामं असताना जेवढा भार असतो, भरल्यावर त्याच्या तिप्पट सहज होतो. हूकने १६७८ साली मांडलेला नियम साधा आहे: जेवढा भार, तेवढी स्प्रिंग दबणार. समजा भरलेली गाडी पाट्यांना दहा सेंटीमीटर दाबते. मग रिकामी गाडी तीनच सेंटीमीटर दाबेल. उरलेले सात सेंटीमीटर गाडी उंच उभी राहणार, माल येण्याची वाट बघत. पिकअपची उंची म्हणजे न आलेल्या मालासाठी राखून ठेवलेली जागा. तिला मिजास समजणं चूक.

कडकपणाही इथूनच येतो. स्प्रिंग किती दबली आहे यावर गाडीची डुलण्याची लय ठरते. दहा सेंटीमीटर दबलेली गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा डुलते, आणि हे माणसाच्या शरीराला मानवतं. तीन सेंटीमीटर दबलेली जवळजवळ तीन वेळा, म्हणजे दुप्पट जलद. गायमुखच्या घाटात रिकामी पिकअप उसळते आणि मालाने भरलेली शांत जाते, ती का, हे ड्रायव्हरला आकड्यांशिवाय ठाऊक असतं.

याला मोठा पुरावा कॅलिफोर्नियातून मिळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या तरुणांनी जुन्या गाड्या जमिनीला टेकवायला सुरुवात केली. पहिला उपाय होता डिकीत वाळूची पोती टाकण्याचा. त्यांनी नकळत भरलेली पिकअप तयार केली होती: गाडी खालीही आली आणि मऊही झाली. पुढे पोती नकोत म्हणून गुंडाळी स्प्रिंग कापायला लागले, तिथे घोटाळा झाला. वेटोळे कमी केले की स्प्रिंग अधिक कडक होते, आणि वर दबायला जागाही उरत नाही. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणाऱ्यांनी तर पोलादाचं पाणीच घालवलं. १ जानेवारी १९५८ पासून तिथल्या कायद्याने चाकाच्या रिमच्या खाली गाडीचा कुठलाही भाग येण्यास बंदी केली. रॉन अग्विरे नावाच्या माणसाने १९५९ मध्ये विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले आणि पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. बंदी उठली ती थेट २०२४ मध्ये. रस्ता अडला की बगल देण्याचा हा गुण फक्त आपल्याकडेच आहे असं मानणाऱ्यांनी अग्विरे वाचावा.

आपल्याकडे खाली आणण्याचा प्रश्न हौसेतून आला नाही, मालातून आणि प्रवाशांतून आला. मुंबईत डबलडेकर १९३७ साली धावली. अशा गाडीला तळ जमिनीलगत हवाच, नाहीतर वरच्या मजल्यासकट ती कलंडेल. त्याची तोड इंग्लंडात दहा वर्षं आधी निघाली होती. १९२७ च्या लेलँड टायटनमध्ये प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवले, म्हणजे मधली वाट खाली घेता आली. स्प्रिंगला हात न लावता सांगाडा हलवला. एलियटने तुळई काढली तीच तऱ्हा.

गोरेगावात तर हे काम आपल्या दारात झालं. १९५८ साली बजाज टेम्पोने जर्मन बनावटीची हॅन्सिएट ही तीनचाकी तिथे बनवायला सुरुवात केली. तिचं इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाशी, ओढणारं चाकही तेच. मागे ना शाफ्ट, ना डिफरन्शियलचा गोळा. हौदा म्हणून खाली बसला. नंतर कारखाना आकुर्डीला गेला आणि १९६९ च्या सुमारास मॅटॅडोर आली, तीही पुढच्या चाकांनी ओढणारी. हमालाला पोतं कमरेइतकं उचलून आत सरकवता येई. मला विचाराल तर महाराष्ट्रातली खरी 'लोअर' केलेली मालगाडी हीच. तिचं कुणी पोस्टर लावलं नाही. मात्र ओल्या चढावर भरलेली मॅटॅडोर पुढची चाकं फिरवत राहायची, कारण मालाचं वजन मागे आणि ओढ पुढे. शेवटी मागून ढकलणारे, अखंड आखाचे, पाट्यांचे ट्रकच जिंकले.

त्या पाट्यांची एक शाखा माझगावातून आली. महिंद्रांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे विलीज जीप जोडायला घेतली, पुढे कांदिवलीला, म्हणजे मिरा रोडपासून तीन स्टेशनांवर. जीपमध्ये पाटे आखाच्या खालून जातात, त्यामुळे ती मुळातच अर्धी खाली बसलेली असते. डोंगरात जाणारे शौकीन तेच पाटे आखाच्या वर नेऊन तिला उंच करतात. ट्रक आणि पिकअपमध्ये सहसा पाटे वरच असतात. २००५ साली टाटांचा छोटा हत्ती आला, त्याने तिसराच मार्ग धरला: बारा इंची चाकं. चाक लहान केलं की हौदा आपोआप खाली. किंमत खड्ड्यांनी वसूल केली.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. त्याने 'माल नको' असं मनापासून म्हटलं, तर काम होण्यासारखं आहे. पाटे उलटवून आखाच्या खाली नेले की आखाच्या नळीइतकी आणि जुडग्याइतकी उंची एका फटक्यात जाते, पण मग आख सांगाड्याला भिडायला लागतो आणि सांगाडा कापावा लागतो. तिथे मी थांबेन. मेन पाट्याचा डोळा उलटा वळवणं किंवा जुडग्याची कमान थंडच दाबून कमी करणं हे सौम्य उपाय. पट्ट्या त्याच, म्हणून कडकपणा तोच, उंची तेवढी कमी. नुसता पाटा काढणं सर्वांत स्वस्त. गाडी खालीही येते, मऊही होते, आणि उरलेल्या पाट्यांवर ताण येऊन एखाद्या दिवशी मेन पाटा तुटतो. खाडीकाठच्या गाड्यांत आणखी एक दुखणं असतं. बर्फाचं खारं पाणी पाट्यांच्या मध्ये झिरपतं, गंज धरतो, पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात आणि सगळं जुडगं एका जाड लोखंडी पट्टीसारखं वागतं. जुडगं उघडून घासून ग्रॅफाइट ग्रीस भरलं, तर काहीही न बदलता गाडी मऊ होते. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

माल, कमी उंची आणि मऊपणा, तिन्ही हवं असेल तर हवेलाच शरण जावं लागतं. रबरी फुग्यात भारानुसार हवा भरली की दाब वाढतो, उंची तीच राहते. २००८ साली केंद्राने शहरी बसचे निकष ठरवले, त्यात लो-फ्लोअरचा तळ जमिनीपासून ४०० मिलिमीटर. एवढा खाली तळ आणि गर्दीचं वजन पाट्यांवर तोलत नाही, म्हणून या बस हवेवर चालतात. पिकअपच्या मालकाला तो खर्च परवडत नाही.

कायद्याचं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला: कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार चालणार नाही. २०२५ मध्ये मिरा-भाईंदरला एमएच ५८ हा स्वतःचा क्रमांक मिळाला, म्हणजे पासिंगचा सवाल आता ठाण्याला नाही, घराजवळच. शिवाय रस्ता आहेच. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधकही दहा सेंटीमीटर उंच असतो, आणि नियमाप्रमाणे बांधलेला किती ठिकाणी सापडतो ते सांगायला नको.

ग्रीस, चांगले शॉकअप, कमान थोडी कमी. एवढ्यावर कुणी समाधान मानलं तरी मागच्या आखापासून सांगाड्याकडे जाणारा एक बारीक दांडा तपासून घ्यावा. बऱ्याच पिकअपमध्ये तो मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह चालवतो. गाडी किती बसली आहे यावरून त्याला माल किती आहे ते कळतं आणि त्या हिशेबाने तो मागे ब्रेकचा जोर सोडतो. गाडी खाली केली आणि दांडा तसाच ठेवला, तर रिकामी गाडी त्याला भरलेली वाटते. तो पूर्ण जोर सोडतो, आणि पहिल्या पावसात मागची चाकं जागच्या जागी लॉक होऊन गाडी आडवी फिरते. दांड्याची मापणी दहा मिनिटांची आहे, मिस्त्रीला आठवण मात्र गिऱ्हाइकानेच करून द्यावी लागते.